वस्तादाने राखलेला डाव : ‘जेड एम्पायर’चा मास्टर ली नक्की किती वाईट?

नदीकाठ

ज्यांना ‘जेड एम्पायर’ अजून खेळायचा आहे त्यांनी हा धागा इथेच बंद करावा. पुढे सगळं फुटणार आहे, आणि काही माहीत नसताना हा गेम एकदाच खेळता येतो. ती संधी घालवू नका.

बायोवेअरचा हा गेम २००५ साली एक्सबॉक्सवर आला आणि २००७ मध्ये पीसीवर. मी तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना खेळलो. खोलीतल्या मित्राचा कॉम्प्युटर होता, तो झोपला की माझी पाळी. जुन्या चीनच्या धर्तीवर रचलेलं एक काल्पनिक साम्राज्य, त्यात टू रिव्हर्स नावाचं लहानसं गाव, आणि गावात मास्टर लीची युद्धकलेची शाळा. आपण त्या शाळेतले सगळ्यात चांगले विद्यार्थी. आईबाप माहीत नाहीत. लीनेच वाढवलेलं, लीनेच शिकवलेलं.

सुरुवातीचे तास-दोन तास तो माणूस इतका आवडतो की विचारू नका. आवाज चढवत नाही. चूक झाली तर समजावून सांगतो. गाओसारख्या श्रीमंत बापाच्या मगरूर पोराला सगळ्यांसमोर जागा दाखवतो. मग एक दिवस तो आपल्याला जवळ बसवून खरं सांगतो, म्हणजे तेव्हा तरी ते खरंच वाटतं. आपण डर्ज नावाच्या ठिकाणच्या स्पिरिट मंकांपैकी, म्हणजे तिथल्या मठातल्या भिक्षूंपैकी, उरलेले शेवटचे आहोत. वीस वर्षांपूर्वी सम्राट सुन हायने डर्जचा मठ कापून काढला. ली हा त्या सम्राटाचा सख्खा भाऊ, सुन ली, ज्याच्या डावपेचांची साम्राज्यभर ख्याती होती. ती कत्तल बघवली नाही म्हणून तो भावावर उलटला आणि हाती लागलेलं एक तान्हं मूल घेऊन पळाला. ते मूल म्हणजे आपण.

त्यानंतर गावावर हल्ला होतो, गाव जळतं, डेथ्स हँड नावाचा चिलखतातला राक्षस लीला उचलून नेतो आणि आपण त्याला सोडवायला निघतो. पंधरा-वीस तासांचा प्रवास. वाटेत साथीदार मिळतात. सेजेशस झूसारखा माणूस त्यात जीव देतो. शेवटी राजवाड्यात शिरून सम्राटाला हरवतो. ली मोकळा होतो. आणि पुढच्याच क्षणाला तो आपल्याला मारून टाकतो.

मारतो कसा, तेच मला वीस वर्षं सुटलेलं नाही. त्याने आपल्याला शिकवलेल्या लढण्याच्या पद्धतीतच एक फट ठेवलेली असते. लहानपणापासून. मुद्दाम. फक्त त्यालाच माहीत असलेली. तो त्या फटीतून हात घालतो आणि खेळ संपतो. मी कीबोर्डवर बोटं आपटत राहिलो होतो. वाटलं, अजून लढाई चालू आहे, माझंच काहीतरी चुकतंय. पण त्या प्रसंगात आपल्या हातात काहीच नसतं. मित्र जागा झाला आणि म्हणाला, काय झालं? मला सांगता येईना.

गेममध्ये मारणारे पुष्कळ असतात. गावं जाळणारे असतात, जग संपवायला निघालेले असतात. त्यांची यादी काढली तर लीचे बळी त्यात फार वर येणार नाहीत. तरी मी त्याला सम्राट सुन हायच्याही वर ठेवतो. सुन हायने जे केलं ते उघड्या तोंडाने केलं. लीने केसाने गळा कापला, आणि तो केस त्याने आपल्याच डोक्यावर वीस वर्षं वाढवला.

पटतंय का? नसेल तर का नाही, ते लिहा.

---

दुष्काळी_पट्टा

मांडणी आवडली, पण सुन हायला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. त्याने एका देवतेला मारलं. वॉटर ड्रॅगन ही त्या जगात पाण्याची आणि मृतांची राखणदार. तिचा देह चिरून राजवाड्यात ठेवला आणि त्या जखमेतून पाणी वाहतं ठेवलं. परिणाम काय, तर मेलेल्यांना पुढे जाता येईना. रस्तोरस्ती भुतं. अख्ख्या साम्राज्याची तडफड. त्यापुढे एका विद्यार्थ्याचा विश्वासघात कितीसा?

पण हेही सांगतो. मी ज्या भागातून येतो तिथे १९७२चा दुष्काळ आजही जेवताना निघतो. आजी खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढायची. त्यामुळे सुन हायचं पहिलं कारण मला कळतं. वर्षानुवर्षं पाऊस नाही, लोक मरतायत, आणि राजा म्हणतो मी पाणी आणीन, देव आडवा आला तरी आणीन. पुढे त्याचं काय झालं ते सोडा. सुरुवात भुकेल्या माणसांपासून झाली होती.

लीचंही तसंच. त्याच्या बायकामुलांना मारायला सम्राटाने लोटस असॅसिन्स, म्हणजे त्याचे मारेकरी, पाठवले होते. ज्याचं घर असं गेलं त्याच्या मनात काय शिल्लक राहील? सूडाने आंधळा झालेला माणूस आणि जातिवंत दुष्ट माणूस यांत मी फरक करतो.

---

माळावरचा_पैलवान

मी गेम फारसे खेळत नाही. हा खेळलो तो पुतण्यामुळे. पण त्या फटीबद्दल लिहायला हवं, कारण मी आठ वर्षं तालमीत काढली आहेत आणि तो प्रसंग बघून मला घाम फुटला होता.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. पठ्ठ्या माजतो, वस्तादालाच आव्हान देतो, आणि वस्ताद तो न शिकवलेला डाव टाकून त्याला आस्मान दाखवतो. लहानपणी ऐकताना आपण वस्तादाच्या बाजूने असतो. कारण त्याने पठ्ठ्याचं काही काढून घेतलेलं नसतं. दिलं ते सगळं खरं दिलं, एक गोष्ट दिली नाही, बस.

लीचं तसं नाही. त्याने डाव राखला नाही, त्याने पोराच्या अंगातच खोट ठेवली. हे दोन सारखे समजू नका.

पट काढायला जाताना नवीन पोरगं मान खाली घालतं. हमखास. नजर पायावर असते ना, मग डोकंही तिकडेच जातं. मान खाली गेली की समोरचा वरून दाबतो आणि पोरगं मातीत. आमचे वस्ताद कडेला हौद्याच्या काठावर बसायचे. हातात चहाचा ग्लास, बघतायत की नाही तेही कळायचं नाही. पण मान खाली गेली की ओरडायचे, “मान!” एवढंच. दिवसातून पन्नास वेळा. वर्षभर. मग एक दिवस ओरडणं थांबतं, कारण मान आपोआप वर राहायला लागते. त्यानंतर ती आयुष्यभर वर राहते. मी आज चाळिशी ओलांडली, रस्त्यात कुणी धक्का दिला तरी आधी मान वर जाते.

आता विचार करा, वस्तादाला दिसतंय की मान खाली जाते आणि तो गप्प बसतो. नुसता गप्प नाही, पाठ थोपटून म्हणतो शाब्बास, असंच कर. रोज. वर्षानुवर्षं. शरीर ते शिकतं. मग ती चूक राहत नाही, तुमची ढब होते. तुम्ही कितीही मोठे पैलवान झालात तरी ती ढब तुमच्या बरोबर चालते, आणि ती कुठे आहे ते एकट्या माणसाला ठाऊक असतं.

पोराला विष घालणारा माणूस एकदा विष घालतो. हा रोज सकाळी उठून घालत होता. मला त्याची बायको गेल्याचं वाईट वाटतं, पण तेवढ्याने याचं उत्तर मिळत नाही. पहाटे मुलाला उठवून उभं करायचं आणि हात-पाय मुद्दाम चुकीच्या जागी ठेवायला लावायचे, हे सूडाने आंधळ्या झालेल्या माणसाला जमत नाही. त्याला डोळे उघडे लागतात.

---

चौथी_फेरी

वरच्या प्रतिसादाला +१. पुढची प्रतिक्रिया द्यायला शब्द नाहीत.

---

तिसरी_घंटा

पैलवानदादा, फार नेमकं लिहिलंत. त्यालाच धरून पुढे.

आपल्याला गुरूचा घाव म्हटलं की परशुराम आणि कर्ण आठवतात. ऐन गरजेच्या वेळी विद्या आठवणार नाही, हा शाप. परिणाम बघितला तर लीसारखाच. शिष्याच्या सामर्थ्यातच मरणाची जागा. पण परशुरामाने शाप तोंडावर दिला. कर्णाला माहीत होतं. तो त्या शापासकट लढायला उभा राहिला, आणि म्हणून आपण त्याच्यासाठी रडतो. ज्याला आपला शाप माहीत आहे त्याला निदान त्याच्याशी झगडता येतं. लीच्या शिष्याला ते सुखही नाही.

इतर गेममधले गुरू बघा. पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मधला अल मुआलिम घ्या. गेम २००७चा, काळ ११९१चा, सीरियातल्या मस्याफच्या किल्ल्यातला. तो अल्ताइरला नऊ माणसं मारायला पाठवतो, आणि शेवटी कळतं की दहावा तो स्वतः. वाटेकरी कमी करायला त्याने शिष्याचा हात वापरला. वाईट आहेच. पण त्याच्याकडे एक विचार आहे. माणसाला मोकळी बुद्धी दिली की तो लढतो, म्हणून ती काढून घेऊ आणि शांतता आणू. विचार भयंकर आहे, पण त्याचा त्यावर विश्वास आहे. अल्ताइरची तलवारही त्याने बोथट केली नव्हती.

दुसरी गुरू म्हणजे क्रेया नावाची बाई, ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागातली, २००४ची. पहिल्यापासून खोटं बोलते, साथीदारांना बाहुल्यांसारखं नाचवते, शेवटी शत्रू म्हणून समोर उभी राहते. पण तिला आपण तिच्यापेक्षा मोठं व्हायला हवं असतं. हरल्यावर जमिनीवर पडलेली असताना ती आपल्या साथीदारांचं पुढे काय होणार ते सांगत बसते. मला ती कधीच दुष्ट वाटली नाही. फसवलं तिने, पण घडवलंही तिनेच, आणि घडवण्यात खोट ठेवली नाही.

लीपाशी यातलं काय आहे? सिंहासन हवं होतं, एवढंच सापडतं.

---

नदीकाठ

दुष्काळी_पट्टा, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आजीबद्दल लिहिलंत ते वाचून थांबलो होतो थोडा.

घर गेलं म्हणून तो असा झाला, हा क्रम मुळात उलटा आहे. डर्जवरच्या मोहिमेचा आराखडा लीचाच होता. मठ कसा फोडायचा हे त्याच्याच डोक्यातून आलं. आणि तिथे तो भावावर उलटला तो कत्तल बघवली नाही म्हणून नव्हे. धाकटा भाऊ सुन किन आणि तो, दोघांनी मिळून सम्राटाला तिथेच संपवायचं आधीच ठरवलं होतं. डाव फसला. किन मारला गेला, ली पळाला, आणि त्यानंतर त्याच्या घरावर मारेकरी गेले. म्हणजे बायकामुलांचं मरण हे त्याच्या कटाचं फळ होतं, कटाचं कारण नव्हतं. त्या मारेकऱ्यांतला एक आपला साथीदार झू होता, आणि त्याने हात आवरला. ज्याचा लीशी काही संबंध नव्हता त्याला दया आली.

आता त्या सुरुवातीच्या बैठकीकडे परत बघा, जिथे तो आपल्याला ‘खरं’ सांगतो. नावं खरी, वर्षं खरी, मठ खरा, सम्राट भाऊ असल्याचं खरं. फक्त तो स्वतः भावावर का उलटला, एवढी एकच गोष्ट बदललेली. धादांत खोटं पकडता येतं. हे पकडता येत नाही, कारण पुढे जे जे तपासावं ते जुळतच जातं.

आणि सुन किन. मी याच्यावर अख्खा वेगळा धागा काढू शकेन. ज्या डेथ्स हँडची भीती आपण सगळा गेम वागवतो तो दुसरा तिसरा कुणी नसून हाच किन आहे. सुन हायने त्याचा आत्मा लीच्याच जुन्या चिलखतात कोंडून ठेवला, आणि वीस वर्षं त्याच्याकडून हुकूम बजावून घेतले. हे क्रौर्य सुन हायचं, मान्य. पण सम्राट मेला, ली गादीवर बसला, आणि हा आत्मा त्याच्या ताब्यात आला. ज्या भावाने त्याच्यावर विश्वास ठेवून जीव गमावला तो भाऊ. त्याला मोकळं करायला लीला एक दिवससुद्धा लागला नसता. त्याने काय केलं? मेलेले आपण वॉटर ड्रॅगनच्या मदतीने डर्जला पुन्हा जिवंत होतो, तेव्हा फौज देऊन त्याला डर्जवर पाठवलं, आपल्याला मारायला. त्याच डर्जवर, जिथे किन मेला होता.

वॉटर ड्रॅगनचंही तेच. तिचा चिरलेला देह राजवाड्यात होता तसाच राहिला. भुतं होती तशीच भटकत राहिली. भावाच्या पापावर बोट ठेवून ज्याने एक पोर वाढवलं, त्याने गादी मिळाल्यावर त्या पापातला एक दगडही हलवला नाही. लोकांची तहान हे सुन हायचं कारण निदान सुरुवातीला तरी होतं. लीच्या हातात आयतं पाणी आलं होतं.

---

दुष्काळी_पट्टा

किनचा मुद्दा माझ्या डोक्यातून पूर्ण निसटला होता. तिथे माझं म्हणणं मागे घेतो. भावाला त्या अवस्थेत बघून जो माणूस त्याच्या हातात पुन्हा तलवार देतो, त्याच्यासाठी सूडाची सबब पुरत नाही.

एक कबुलीही द्यायला हवी. शेवटाकडे डेथ्स हँडला हरवल्यावर आपल्याला निवड मिळते, मोकळं करायचं की स्वतःचा गुलाम करून सोबत घ्यायचं. मी त्याला ठेवून घेतला होता. लढायला दांडगा आहे म्हणून. तेव्हा तो मला माणूस वाटलाच नव्हता, नुसतं चिलखत वाटलं होतं. आज तुमचं वाचताना अंगावर काटा आला.

तरी एक प्रश्न राहतोच. वीस वर्षं. तान्ह्या बाळापासून. माणूस कितीही पोलादी असला तरी एखाद्या रात्री ते मूल तापाने फणफणलं असेल, पहिल्यांदा हाक मारली असेल. ते सगळं खोटं असू शकतं? मला वाटतं त्याला माया असावी, आणि त्या मायेसकट त्याने हे केलं. तसं असेल तर तो कमी वाईट ठरतो की जास्त?

---

शाळेतली_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, एकवीस वर्षं झाली. गेम माझ्या मुलाने खेळला, मी शेजारी बसून बघितला. मराठीत या विषयावर कुणी इतकं लिहितंय हे बघून सदस्य झाले, हा माझा पहिलाच प्रतिसाद.

पैलवानदादांनी मानेचं लिहिलं. माझ्याकडे पेन्सिलीचं आहे. पहिलीतली मुलं पेन्सिल मुठीत धरतात, किंवा अंगठा बोटांवरून पार पलीकडे नेतात. त्या वयात ती पकड दोन आठवड्यांत सुधारते. मी बाकाशेजारी गुडघ्यावर बसते, त्यांचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरून मागे आणते आणि हात सोडते. मूल माझ्याकडे बघतं. ‘असं का?’ असं एकाही मुलाने आजवर विचारलेलं नाही. बाईंनी ठेवला अंगठा, म्हणजे तो तिथेच असतो. मी तो चुकीच्या जागी ठेवला असता तरी त्यांनी तसाच ठेवला असता. आणि चौथीत हात दुखायला लागला की मुलाला वाटलं असतं, आपलाच हात वाईट.

मास्टर लीचं मला हे सगळ्यात लागलं. त्याचा शिष्य मरताना बहुधा हाच विचार करत असेल, की माझं कुठेतरी कमी पडलं. वर धागाकर्त्यांनीच लिहिलंय, कीबोर्डवर बोटं आपटत होतो, वाटलं माझंच चुकतंय. मुलं अशीच असतात हो. गुरू चुकीचा असेल हे त्यांच्या मनात शेवटी येतं, तेही आलं तर.

दुष्काळी_पट्टा यांच्या प्रश्नाबद्दल. डॉन स्टार आठवते ना? त्याच शाळेतली ती शांत मुलगी, भुतं दिसतात म्हणून बाकीची पोरं जिच्यापासून लांब राहायची. ती लीचीच मुलगी निघते. जिच्या मरणाचं दुःख सांगितलं जातं ती त्याच्याच अंगणात विद्यार्थिनी म्हणून वाढत होती. माया असती तर ती द्यायला एक मूल रोज समोर होतं. त्या मुलीच्या वाट्याला काय आलं? ती सगळा गेम आपल्यासोबत चालत असते, ‘मास्टर लींना सोडवायचंय’ हाच ध्यास घेऊन. त्याने एकाला नाही, दोघांना वाढवलं आणि दोघांना विझवलं. माया होती की नव्हती ते मला ठरवता येत नाही. मुलांपर्यंत ती पोचली नाही, हे दिसतंय.

---

तिसरी_घंटा

बाई, स्वागत. आणि असंच लिहीत जा.

एक भर घालते. शेवटच्या लढतीत ली आपल्याला एक सौदा देऊ करतो. हार मान, मर, आणि मी तुझं नाव राखीन. साम्राज्याला वाचवणारा वीर म्हणून लोक तुला आठवतील. हो म्हटलं तर गेम तिथेच संपतो आणि आपला पुतळा उभा राहिलेला दिसतो. मी एकदा मुद्दाम हो म्हणून बघितलं. पुतळा छान आहे. लोक आदराने उभे आहेत, आणि लीचं राज्य चालू आहे. मेल्यावरसुद्धा आपण त्याच्याच उपयोगी पडतो. तोही धडा त्याने लहानपणापासून गिरवून घेतलेला, की चांगला शिष्य म्हणजे गुरूच्या योजनेत जागच्या जागी बसणारा शिष्य. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायला मला दुसऱ्यांदा खेळतानाही जड गेलं होतं. आवाज तोच ना, शाळेतला, समजावून सांगणारा.

---

माळावरचा_पैलवान

बाईंचा प्रतिसाद पुतण्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, काका, मधेमधे एकदोन माणसं सांगतात की तुझ्या लढण्यात काहीतरी विचित्र आहे, फसवण्यासाठी ठेवल्यासारखी जागा आहे. मी ते वाचून पुढे गेलो, तो म्हणाला, कारण मला वाटलं मास्टरने ठेवलंय म्हणजे काहीतरी भारी असणार.

---

नदीकाठ

पैलवानदादा, मीही तसाच पुढे गेलो होतो. मला तर ते कौतुक वाटलं होतं.

हा धागा सुरू झाल्यावर शनिवारी रात्री गेम पुन्हा उतरवून घेतला. पहिला तास फक्त लीकडे बघत बसलो. शाळेच्या अंगणात सहविद्यार्थ्याशी सरावाची लढत होते, आपण जिंकतो, मग तो बोलतो. माहीत असूनसुद्धा त्याने शाबासकी दिली तेव्हा मला बरं वाटलं. एवढंच नोंदवून ठेवतो.

मग झोप येईना म्हणून रविवारचा सगळा दिवस खेळलो, पुढचा आठवडा रात्री खेळलो, आणि काल डर्जपर्यंत पोचलो. दुष्काळी_पट्टा, तुमच्यासाठी सांगतो. डेथ्स हँड पडला, निवड समोर आली. वीस वर्षांपूर्वी मीही त्याला ठेवून घेतला होता, तुमच्यासारखाच, ते वर लिहायची हिंमत झाली नव्हती. या वेळी मोकळं केलं. चिलखत रिकामं झालं, किन गेला.

सिंहासनापुढची लढत अजून बाकी आहे. आज रात्री बसतो.